रविवारी रात्री मॅस्टोडॉन सर्व्हर गुदमरतो, पोस्ट तासभर उशिरा पोचतात, ४ हजार ट्रेकर आहेत, काय करू?

सह्यभटका

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचा ट्रेकर लोकांचा समुदाय आहे, पुणे नाशिक नगर ठाणे इकडचे, सगळे मिळून १२ हजाराच्या आसपास. आधी मेसेजिंग ॲपवर होतो, तिथे एका ग्रुपात हजारभर माणसं बसतात म्हणून तेरा ग्रुप झाले, एकच प्रश्न तेरा ठिकाणी, आणि रतनगडावर उन्हाळ्यात कुठल्या टाक्याला पाणी असतं हे कुणीतरी मन लावून लिहिलेलं दोन दिवसात वर सरकून जायचं ते परत सापडायचंच नाही. म्हणून मागच्या दिवाळीत स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा केला (ट्विटरसारखंच सोशल नेटवर्क, पण ज्याचा त्याला चालवता येतं आणि असे सर्व्हर एकमेकांशी बोलतात). एकच व्हीपीएस म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर आहे, ४ कोर, ८ जीबी रॅम, १६० जीबी डिस्क, डॉकरवर, म्हणजे प्रत्येक भाग आपापल्या कंटेनरमध्ये. आता ४२०० खाती झालीत, आठवड्यात दीडेक हजार लोक तरी येऊन जातात.

सोमवार ते शनिवार काही त्रास नाही. रविवारी संध्याकाळी ७ ला लोक घरी पोचतात, फोटो व्हिडिओ चढवायला लागतात आणि ११ पर्यंत सर्व्हर हांफतो. वेबसाइट उघडते पण नवीन पोस्ट दिसतच नाही, नवीन माणसाला कन्फर्मेशनचा मेल तासाभराने जातो.

जुलैमध्ये जे झालं त्यामुळे हे विचारतोय. नऊ जणांचा गट पावसात उतरायला उशीर झाला, घरच्यांचे फोन सुरू झाले, पायथ्याच्या गावातली अकरा पोरं टॉर्च घेऊन वर निघाली. त्या गटातल्या मुलीने ७:४० लाच पोस्ट टाकलेली की उतरलो, सगळे सुखरूप. लोकांना ती दिसली ८:५० ला. तोपर्यंत गावातली पोरं पाऊण वाट चढून गेलेली, त्या पावसात, त्या अंधारात. कुणाला काही झालं नाही पण मला रात्रभर झोप लागली नाही.

आणि ऑगस्टमध्ये मी दोन दिवस रेंज नसलेल्या ठिकाणी होतो तेव्हा डिस्क भरली, पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस बंद पडलं, नऊ तास सगळं ठप्प. दुसऱ्या कुणाकडे पासवर्डच नव्हता.

मोठा सर्व्हर घेऊ का? नोंदणी बंद करू का? अजून ८ हजार लोक यायचेत. कुणी एवढ्या लोकांचा सर्व्हर चालवलाय का?


अण्णा_लिनक्सवाले

सर्व्हर घ्यायच्या आधी तीन गोष्टी सांगा. ॲडमिनमध्ये साइडकिकचा (मागची कामं रांगेतून उरकणारा प्रोग्राम) डॅशबोर्ड आहे तिथे रविवारी कुठल्या रांगेची लेटन्सी किती होती, नुसती किती जॉब पडलेत ती संख्या नको, सगळ्यात जुना जॉब किती सेकंद थांबलाय ते हवंय. डॉकर कंपोजची फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी) आहे तशीच वापरताय का? आणि रिले, म्हणजे बाकीच्या सर्व्हरच्या पोस्ट एकगठ्ठा पाठवणाऱ्या सेवा, जोडलेत का?


सह्यभटका

अण्णा, कंपोज फाइल आहे तशीच. रिले पाच जोडलेत, सुरुवातीला टाइमलाइन रिकामी दिसायची म्हणून. काल रात्रीचे आकडे: डीफॉल्टची लेटन्सी ४१०० सेकंद, पुलमध्ये ६० हजार जॉब, इनग्रेसमध्ये ९ हजार. टूटसीटीएल (मॅस्टोडॉनची कमांड) मीडिया युसेज चालवलं तर एकूण ११८ जीबीपैकी आपल्या लोकांचं फक्त १४ जीबी. बाकीचं कुठून आलं??


अण्णा_लिनक्सवाले

बाकीचं रिलेतून आलं. जगातले हजारो अनोळखी लोक काय लिहितात ते तुमच्याकडे ओतलं जातंय, आणि प्रत्येक पोस्टबरोबर तिचे फोटो, लिहिणाऱ्याचा अवतार, लिंकचा प्रिव्ह्यू हे सगळं तुमचा सर्व्हर उतरवून घेतो. तुमच्या ट्रेकरांना त्याचा काडीचा उपयोग नाही. पाचही रिले आज काढा. मग टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह चालवा, ते बाहेरच्या सर्व्हरवरून आलेली सात दिवसांपेक्षा जुनी मीडिया काढतं, आपल्या लोकांच्या फोटोंना हात लावत नाही, कुणी ती जुनी पोस्ट उघडलीच तर परत आणता येते. नंतर ॲडमिनच्या सेटिंगमध्ये कॅशची (बाहेरून उतरवलेल्या तात्पुरत्या प्रतींची) मुदत ठरवून ठेवा म्हणजे रोजच्या रोज आपोआप होईल. डिस्क भरण्याचा प्रश्न इथेच बराचसा मिटतो.

आता उशीर का होतो ते. मॅस्टोडॉनमध्ये वेबसाइट दाखवणारा प्रोसेस वेगळा आणि खरी हमाली करणारं साइडकिक वेगळं. तुम्ही पोस्टचं बटण दाबलं की वेब लगेच ठीक आहे म्हणतं आणि पुढची कामं रांगेत टाकतं. डीफॉल्ट ही रांग आपल्या लोकांची, म्हणजे तुम्हाला फॉलो करणाऱ्या प्रत्येकाच्या होम फीडमध्ये पोस्ट घालणं, नोटिफिकेशन वगैरे. पुश म्हणजे बाहेरच्या सर्व्हरला पोचवणं, इनग्रेस म्हणजे बाहेरून येणारं, पुल म्हणजे बाहेरचे धागे आणि बाकीचं सावकाश चालणारं काम, मेलर्स म्हणजे मेल, आणि शेड्युलर म्हणजे ठरलेल्या वेळची कामं. कंपोज फाइलमध्ये साइडकिकला फक्त पाच थ्रेड असतात. पाच हमाल, सहा रांगा, त्यात रविवारी व्हिडिओचं ट्रान्सकोडिंगसुद्धा तेच करणार. म्हणजे कुणाचा तरी धबधब्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बारीक करत एक हमाल बसलाय, बाकीचे रिलेच्या मालात, आणि त्या मुलीचं सुखरूप आहोत मागे पडलंय. तुमचं वेब धडधाकट होतं म्हणून मोठा सर्व्हर घेऊनही तुम्हाला फरक दिसला नसता, कारण थ्रेड पाचच राहिले असते.

म्हणून साइडकिकचे वेगवेगळे कंटेनर करा. एक फक्त डीफॉल्ट आणि मेलर्ससाठी, १५ थ्रेड, त्याच क्रमाने लिहा म्हणजे डीफॉल्टला पहिला मान. दुसरा पुश आणि इनग्रेस, १० थ्रेड. तिसरा पुल, ५ थ्रेड पुरे. शेड्युलर फक्त एकाच प्रोसेसमध्ये ठेवायचा, दोन ठिकाणी चुकूनही नको, त्याला ५ थ्रेडचा छोटा वेगळा कंटेनर केला तरी चालेल. एकाच प्रोसेसला शंभर थ्रेड द्यायचा मोह होतो पण रूबीमध्ये (मॅस्टोडॉन ज्या भाषेत लिहिलंय ती) त्याचा उपयोग होत नाही, वीस-पंचवीसच्या पुढे थ्रेड एकमेकांची वाट बघत बसतात, त्यापेक्षा प्रोसेस वाढवा.

प्रत्येक कंटेनरचा डीबी पूल (डेटाबेसची राखीव कनेक्शन) त्याच्या थ्रेडइतका हवा. आणि बेरीज करा: साइडकिकचे ३५, वेबचे २ प्रोसेस गुणिले ५ म्हणजे १०, स्ट्रीमिंगचे (ताज्या पोस्ट ॲपला लगेच पाठवणारा भाग) दहाएक धरा, ५५ झाले, पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १०० कनेक्शनची आहे म्हणून आत्ता बसतं. १२ हजार लोक आले आणि बेरीज शंभरच्या वर गेली की पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) लावायचं, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, आणि तेव्हा प्रिपेअर्ड स्टेटमेंट बंद करायला विसरू नका, शिवाय अपग्रेडच्या वेळी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) पीजीबाउन्सरमधून न चालवता थेट पोस्टग्रेसवर चालवायचं. रॅम मात्र १६ जीबी करा, प्रत्येक साइडकिक प्रोसेस अर्धा जीबी तरी खातो आणि पोस्टग्रेसलाही मोकळा श्वास हवा.

अजून एक बारीक गोष्ट जी लोकांना फार छळते. एनजिनएक्सची (सगळ्यांच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर) वर्कर कनेक्शन्स उबुंटूवर ७६८ असतात, प्रत्येक वर्करला. ॲप उघडं असलं की प्रत्येक माणसाचं एक वेबसॉकेट (सतत उघडं कनेक्शन) चालू राहतं आणि प्रॉक्सीमुळे ते दोन कनेक्शन खातं. ते वाढवा आणि फाइल डिस्क्रिप्टरची (एका वेळी किती फाइल आणि कनेक्शन उघडता येतात त्याची) मर्यादाही बरोबर वाढवा.

मीडिया लवकरात लवकर ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे फाइलींसाठीच्या भाड्याच्या क्लाउड साठ्यावर न्या. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटरचा मालक बदलला आणि लोकांचा लोंढा मॅस्टोडॉनवर आला तेव्हा हॅकीडर्म नावाचा सर्व्हर क्रिस नोव्हा यांच्या घराच्या तळघरात चालायचा, काही आठवड्यांत तीसेक हजार लोक आले आणि तिथल्या डिस्क गचके खायला लागल्या. एक डिस्क मंद झाली की मीडिया मंद, मीडिया मंद की साइडकिक अडकलं, साइडकिक अडकलं की सगळंच. शेवटी मीडिया ऑब्जेक्ट स्टोरेजवर आणि बाकी सगळं जर्मनीतल्या डेटा सेंटरमध्ये हलवलं. त्यांनी हा सगळा हिशेब उघडपणे लिहून ठेवलाय म्हणून आम्हा बाकीच्यांना शिकता आलं. हलवताना एनजिनएक्सला सांगायचं की फाइल आधी नव्या ठिकाणी बघ, नाही मिळाली तर जुन्या, म्हणजे कॉपी चालू असताना कुणालाच तुटकी फोटोची चौकट दिसत नाही.


डोंगरवाट_७७

अण्णांनी तांत्रिक बाजू छान सांगितली, मी एकच बोलतो आणि कळकळीने बोलतो. सह्यभटका दादा, सर्व्हर कितीही नीट केला तरी सुखरूप आहोत हा निरोप कधीच सोशल नेटवर्कवर ठेवू नका. आम्ही आमच्या गटात ठरवलंय, निघताना एका माणसाचं नाव लिहायचं जो घरी बसलाय, उतरल्यावर त्याला फोन किंवा एसएमएस, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांनी तोच माणूस गावात फोन करणार, दुसरं कुणी नाही. ११२ हा नंबर सगळ्यांना पाठ असला पाहिजे. रांग रिकामी असली तरी फीड बघणारा माणूस जेवत असू शकतो ना.

आणि टाक्याच्या पाण्याची माहिती सापडायला हवी असेल तर मॅस्टोडॉनला इलास्टिकसर्च (शोधाचा वेगळा प्रोग्राम) जोडल्याशिवाय पोस्टच्या मजकुरात शोधता येत नाही, फक्त हॅशटॅग आणि खाती सापडतात. इलास्टिकसर्च रॅम खातं, ते वेगळ्या मशिनवर ठेवा. आम्ही दोन्ही ठेवलंय, गप्पा मॅस्टोडॉनवर आणि वाटा, पाणी, मुक्काम ह्याचं डिस्कोर्स ह्या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर, तिथे धागा वर्षानुवर्षं जागेवर राहतो.


माळरानताई

मी एका साडेसहा हजार लोकांच्या सर्व्हरवर तीन वर्षं मॉडरेशन बघतेय, अजून चार जण आहेत बरोबर. दादा, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलीच नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, तुमच्याकडे तक्रारी कोण बघतं? तुम्हीच एकटे?

ट्रेकर लोक म्हणजे साधे असं वाटतं पण भांडणं कशावरून होतात ते सांगते. गडाच्या इतिहासावरून होतात, शिवजयंती १९ फेब्रुवारीला की तिथीने ह्यावरून दरवर्षी होतात, जातीवर जातात, कुणी व्यावसायिक ट्रेक काढतो त्याच्यावर होतात, अपघात झाला की चूक कुणाची ह्यावर तर अशी होतात की त्या घरचे लोक वाचत असतील ह्याचं भान राहत नाही. आम्ही अपघाताच्या बातमीसाठी वेगळा नियम केला, पहिले तीन दिवस फक्त माहिती आणि मदत, चूक शोधणं नाही, आणि जो ऐकत नाही त्याला ताकीद, मग खातं मर्यादित. मॅस्टोडॉनमध्ये लिमिट आणि सस्पेंड वेगळं आहे हे लक्षात घ्या, लिमिट केलं की त्या माणसाचं बोलणं त्याला फॉलो करणाऱ्यांनाच दिसतं, तो हाकलला जात नाही, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

बायकांना होणारा त्रास. हे मोठ्याने सांगते. पहिल्या वर्षी सोलो जाणाऱ्या दोन मुलींना सतत मेसेज करून पुढचा ट्रेक कुठे, एकटी आहेस का असं विचारणारा एक माणूस होता, त्याची तक्रार आली तेव्हा रविवार होता आणि त्या वेळी बघणारा एकच ॲडमिन, तोही गडावर, तक्रार ३१ तास पडून राहिली. त्यातली एक मुलगी सोडून गेली ती परत आली नाही. तेव्हापासून आमची पाळी लावलेली असते, शनिवार रविवार दोन जण घरी असतातच, आणि त्यातली एक बाई असते. भूमिका वेगळ्या करा, चौथ्या आवृत्तीपासून स्वतःच्या भूमिका बनवता येतात, तक्रारी बघणाऱ्याला सर्व्हरच्या सेटिंगचा अधिकार द्यायची गरज नाही.

मॅस्टोडॉन फोटोतली जीपीएसची माहिती चढवताना काढून टाकतं ही चांगली गोष्ट आहे, पण लोक मजकुरात लिहितात ना अमुक कड्यावर गिधाडाचं घरटं, तमुक पठारावर ही ऑर्किड. ते पण नियमात घाला.

नोंदणी पूर्ण बंद करू नका, मंजुरीवर ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीत जी स्पॅमची लाट आली ती उघड्या नोंदणीच्या, कुणी लक्ष न देणाऱ्या छोट्या सर्व्हरवरूनच आली, त्यानंतर मॅस्टोडॉननेच असं केलं की आठवडाभर कुणी मॉडरेटर फिरकला नाही तर उघडी नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. आम्ही एकच प्रश्न विचारतो, शेवटचा गड कोणता आणि काय आवडलं. खरा माणूस चार ओळी लिहितो. तुमचे ८ हजार लोक एकदम आणू नका, आठवड्याला चारशे-पाचशे आणा, नवीन माणसाला इथली बोलण्याची पद्धत जुन्यांकडून कळते, एकदम लोंढा आला तर जुनेच पाहुणे होऊन जातात.


कागदपत्र_पक्की

आधी सांगतो मी वकील नाही, पण आमच्या मंडळाच्या सर्व्हरचं कागदोपत्री काम मी करतो.

तुम्ही दुसऱ्यांचं लिखाण ठेवताय म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यात तुम्ही मध्यस्थ झालात, लोकांच्या लिखाणाबद्दल तुम्हाला जबाबदार न धरण्याचं कलम ७९ चं संरक्षण हवं असेल तर २०२१ चे नियम पाळावे लागतात. ५० लाखांच्या वर वापरकर्ते असलेल्यांना जे जास्तीचे नियम आहेत ते तुम्हाला नाहीत, पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लावणं आहे. मूळ नियमात तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत असं होतं, पुढच्या दुरुस्त्यांत काही मुदती आखडल्यात, म्हणून जुन्या ब्लॉगवर विसंबू नका, आत्ता लागू असलेला मजकूरच वाचा. माळरानताईंची ३१ तासांची गोष्ट ह्या कारणानेही गंभीर आहे. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, घुसखोरीसारखी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याच्यासाठी पालकांची संमती लागते, तुमच्याकडे कॉलेजची पोरं असतील, कनिष्ठ महाविद्यालयातली असतील तर आत्ताच ठरवा. लहान मुलांचं लैंगिक चित्र कुठल्याही सर्व्हरवरून कॅशमध्ये आलं तर ते कुणालाही दाखवायला म्हणून पुढे पाठवायचं नाही, पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर कळवायचं आणि तो सर्व्हर कायमचा ब्लॉक. ह्याच्यात वेळ घालवू नका.

आता डोमेन. ते कुणाच्या नावावर आहे? तुमच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर आजच विचार करा, कारण मॅस्टोडॉनमध्ये लोकल डोमेन एकदा ठरलं की बदलता येत नाही, सगळ्यांची ओळखच त्या नावाला बांधलेली असते, नाव गेलं की सगळं गेलं. दुसऱ्या देशाचं गोंडस शेवट असलेलं नाव तर घेऊच नका, २०२४ च्या फेब्रुवारीत क्वीअर डॉट एएफ हा सर्व्हर गेला तो अफगाणिस्तानचं डोमेन तालिबान सरकारने बंद केलं म्हणून. लोक दुसऱ्या सर्व्हरवर खातं हलवू शकतात, फॉलोअर बरोबर येतात पण लिहिलेल्या पोस्ट येत नाहीत, आणि हलवण्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो.

संस्था नोंदवा, धर्मादाय आयुक्तांकडे सात जणांची नोंदणी होते, मग डोमेन, बँक खातं, सर्व्हरचं बिल सगळं संस्थेच्या नावावर.

बॅकअप घेता का हे विचारत नाही, रिस्टोर करून कधी बघितलंत ते सांगा. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) रोज दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या ठिकाणी, आणि त्याच्याबरोबर डॉट ईएनव्ही डॉट प्रॉडक्शन ही फाइल, तिच्यातल्या गुप्त किल्ल्या हरवल्या तर डेटाबेस असूनही टू-फॅक्टर आणि पुश नोटिफिकेशन बिघडतात. डंप कुलूपबंद करूनच ठेवायचा. २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिवा नावाच्या सर्व्हरच्या एका ॲडमिनच्या घरी एफबीआयची धाड पडली, विषय सर्व्हरचा नव्हताच, पण तिथे डेटाबेसची उघडी प्रत होती ती गेली, आणि त्यात लोकांचे ईमेल आणि खाजगी म्हणून लिहिलेले मेसेज होते. मॅस्टोडॉनमधले खाजगी मेसेज ॲडमिनच्या डेटाबेसमध्ये उघडेच असतात हे आपल्या लोकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, माझ्या मते हे न सांगणं म्हणजे फसवणूक आहे.


सह्यभटका

दोन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचं सगळं बसून वाचलं, दोनदा.

अण्णा, रिले त्याच रात्री काढले, दुसऱ्या दिवशी मीडिया रिमूव्ह चालवलं, ११८ जीबीचे ३७ झाले. बुधवारी रॅम १६ केली आणि साइडकिकचे चार कंटेनर केले. पहिल्या रविवारी डीफॉल्टची लेटन्सी सगळ्यात वाईट वेळी ५० सेकंद, परवाच्या रविवारी ६ सेकंद. मेल लगेच जातात. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये वर्कर कनेक्शन्स अपुरी पडल्याची ओळ खरंच दिसली, ती पण वाढवली. व्हिडिओमुळे प्रोसेसर अजून तापतो, त्यासाठी काही वेगळं करता येतं का?

डोंगरवाट, तुमचा घरी बसलेल्या माणसाचा नियम आम्ही जसाच्या तसा घेतला, सगळ्यात वर पिन केलाय. गावातल्या त्या पोरांना मी स्वतः जाऊन भेटून आलो, त्यांच्यातले दोघे आता सर्व्हरवर आहेत आणि वाटेची माहिती तेच बरोबर करून देतायत.

माळरानताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. तक्रारींचं पान उघडलं तर १७ पडल्या होत्या, सगळ्यात जुनी २६ दिवसांची. त्यातल्या चार एका मुलीच्या होत्या, एकाच माणसाबद्दल. त्या माणसाला काढलं आणि तिला मी स्वतः लिहून माफी मागितली. आता पाच जण आहेत, दोन मुली, पाळी लावलीये.

संस्थेसाठी सात नावं झाली, कागद चालू आहेत. रिस्टोर ह्या शनिवारी रिकाम्या मशिनवर करून बघणार. पासवर्ड आता तिघांकडे आहेत.


अण्णा_लिनक्सवाले

उत्तम. व्हिडिओसाठी थ्रेड कमी करू नका, ते काम करणाऱ्या डीफॉल्टच्या कंटेनरला डॉकरमध्ये सीपीयूची मर्यादा घाला म्हणजे पोस्टग्रेस उपाशी राहणार नाही, आणि डीफॉल्टचा अजून एक कंटेनर दुसऱ्या स्वस्त मशिनवर टाका, त्याला फक्त पोस्टग्रेस, रेडिस (साइडकिकच्या रांगा ज्यात राहतात तो साठा) आणि ऑब्जेक्ट स्टोरेजपर्यंत पोचता आलं पाहिजे, म्हणून मीडिया आधी हलवा मग हे करा. दोन्ही मशिनमध्ये वायरगार्ड (कुलूपबंद खाजगी जोडणी), पोस्टग्रेसचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका.

रिस्टोर करताना त्या रिकाम्या मशिनवर साइडकिक चालू करू नका हं, नाहीतर जुन्या डेटावरून खऱ्या लोकांना मेल जातील.


सह्यभटका

हे बरं सांगितलंत, मी चालू करणारच होतो. शनिवारी किती वेळ लागला ते इथेच टाकतो.